तक्त्यातलं शून्य

चार वर्षांच्या मुलांना अपराधी किती वाटतं, हे मोजण्याचं काम मी वर्षभर केलं. पनवेलच्या आसपासच्या अंगणवाड्यांत जायचं, मुलाच्या हातात एक बाहुली द्यायची आणि म्हणायचं, "माझी लाडकी आहे हं, जपून." बाहुलीचा हात मी आधीच सैल करून ठेवलेला असे. तो निखळला की "अरेरे" म्हणून मिनिटभर गप्प बसायचं. मूल नजर चुकवतं का, रडतं का, हात परत बसवायला बघतं का, यावर तक्त्यात गुण द्यायचे. शेवटी सांगायचं, "तुझी चूक नाही, तो आधीच मोडलेला होता." हे सांगितल्याशिवाय मुलाला सोडायचं नाही, असा नियम होता.

खाडीकाठच्या गावातल्या एका मुलीने यातलं काहीच केलं नाही. हात निखळला तरी ती नुसती माझ्याकडे बघत बसली. मी शून्य लिहिलं. तेवढ्यात सेविकेने खिचडीसाठी हाक मारली आणि मुलगी पळाली. जिला काही वाटलंच नाही तिला काय समजवायचं, असं म्हणून मीही सामान आवरलं. तेव्हा मला माझ्या तक्त्याचा फार तोरा होता.

आठवड्याने पनवेलच्या बाजारात मासळी घ्यायला गेले. त्या मुलीची आई तिथेच विकायला बसते; मुलीला अंगणवाडीत सोडायला आली तेव्हा आमची भेट झाली होती. तिने मला ओळखलं आणि पिशवीत मांदेली जरा जास्तच टाकली.

"पोरीनं तुमची भावली मोडली ना, बाय. तवापासून अंगणवाडीत जात नाय. ती बाय रडत असंल, म्हंते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथे खरं सांगायची हिंमत झाली नाही. पिशवी घेऊन मी तशीच रिक्षाने त्यांच्या गावी गेले. सेविकेने घर दाखवलं. मला बघताच मुलगी दाराआड गेली. मी उंबऱ्याशी बसले आणि म्हणाले, "तू काही मोडलं नाहीस गं. बाहुलीचा हात आधीच मोडलेला होता."

ती डोकावली. "तुला ठाव व्हता?"

"हो."

"मंग मना कशाला दिलीस?"

मी तिची माफी मागितली. दोन दिवसांनी ती अंगणवाडीत आली, तेव्हा मी तिच्यासाठी चित्रांचं पुस्तक नेलं होतं. हातात घेण्याआधी तिने मला त्याचं एकेक पान उलटून दाखवायला लावलं.