पिंगळीमार्गे दाजींच्या गावी

गाडी बदलायची होती परभणीला. मी उतरलो पिंगळीला. डोळा लागला नव्हता. समोरच्या बाकावरच्या व्यापाऱ्याला जालन्यापासून सांगायला घेतलेली गोष्ट संपली नव्हती, एवढंच.

"परभनी तो पीछे रह गई, हजरत. सो रहे थे क्या?" रुमी टोपीतल्या स्टेशनमास्तरांनी विचारलं.

"जी नहीं, बोल रहा था."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की झोपलो होतो म्हणालो असतो तर बरं झालं असतं.

काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. माझी थोरली बहीण अक्का कित्येक वर्षं माझ्याकडे जालन्याला राहत होती. दाजींनी एकदा रागाच्या भरात तिच्यावर काठी टाकली, तेव्हापासून तिचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. दाजी मात्र चारचौघांत सांगत, "तीच मधी आली." आता म्हातारपणी त्यांचा निरोप आला होता : मी बदललोय, तिला पाठवा. अक्का म्हणाली, "तू आदी बघून ये."

बैलगाडीने परत परभणी, तिथून रेल्वेने गंगाखेड, पुढे गंगेच्या (गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात) काठाने पायी. काळ्या रानात करडई फुलली होती. दाजींनी स्वतः भाकरी थापली होती, एका अंगाने करपलेली. "गोड मानून घ्या, पाव्हणं," म्हणाले. मी मनातल्या मनात त्यांना पास करून टाकलं.

त्यांच्या मोकळ्या रानात धनगराची मेंढरं बसवली होती (कळप रात्रभर शेतात कोंडतात, रानाला खत मिळतं, धनगराला धान्य). सकाळी तांब्या घेऊन निघालो, वाटेतली कळपाच्या कुंपणाची काटी, म्हणजे काटेरी फांदी, बाजूला सारली आणि परत लावायची विसरलो. येऊन बघतो तर अख्खा कळप शेजारच्या हरभऱ्यात.

दाजी काठी घेऊन धावत आले. "का रं, डोळे फुटले का तुझे?"

"मालक, म्या न्हाई काटी सारली!" धनगराने दोन्ही हात डोक्यावर धरले. काठी वर गेली होती.

"दाजी, मी सारली," मी ओरडलो.

काठी वरच राहिली. मग ती मातीत पडली, आणि दाजी नुसत्या हातांनी मेंढरं हाकलू लागले. शेवटी ते बांधावर बसले.

"दाजी, खरंच बदललात हो तुम्ही!" मी म्हणालो. असल्या वेळी गप्प बसणं मला जमत नाही.

"कशाचं बदललो? राग हाय तेवडाच हाय. तुमी वरडला नसता तर ह्याचं डोस्कं फुटलं असतं का न्हाई, मलाच ठावं न्हाई." ते उठून तुडवलेला हरभरा सारखा करू लागले. "तिला सांगताना, काठी उचलली व्हती तेबी सांगा. खाली टाकली तेवडंच नगा सांगू."

परतीच्या गाडीत मी कुणाशीच बोललो नाही. माणसाचा मूळ पीळ वयानं सुटतो, असं मला वाटत नाही. पण "तीच मधी आली" म्हणणारा माणूस आज स्वतःच्या काठीची साक्ष स्वतः देत होता. हे कशात धरायचं?

अक्काला पिंगळीसकट सगळं सांगितलं. ती कोपर चोळत ऐकत होती.

"काठीचं सांगा, असं ते सोता म्हणाले?"

"हो."

"मग जाते. राहून बघते. न्हाई पटलं तर माघारी येईन. दार उघडं ठेव."

"मी पोचवतो ना तुला."

"तू नगं," अक्का म्हणाली. "ते बदलले का न्हाई, ते बघायला जायलेय मी. तू बदलला न्हाईस, हे मला ठावं हाय. तुझ्यासंगं निघाले तर पिंगळीलाच उतरंन."