मशीनने ओळखेपर्यंत

लालबागच्या आमच्या किराणा दुकानात साखर, डाळ संपते. किस्से मात्र संपत नाहीत, उलट साठतात. त्यातले निम्मे पैशांच्या मशीनमुळे.

बाबा आधी ओळखीच्यांचे चेक वटवायचे. चेक घ्यायचे, गल्ल्यातून रोख द्यायचे, वर चहा. बी.कॉम. झाल्यावर मी भडकलेच. "बाबा, एखाद्या मित्राला मदत वेगळी. तुम्ही दर महिन्याला अख्ख्या चाळीचे चेक वटवता. ही बँकच झाली! नियम लागतात!"

बाबा म्हणाले, "बँक चहा देते का?"

*

शेवटी मी रीतसर बँकेची एजन्सी घेतली. आधार नंबर, मशीनवर अंगठा, मग रोख. शिकवायला आलेल्या साहेबांना बाबांनी विचारलं, "ज्याला चाळीस वर्षं ओळखतो, त्याचाही अंगठा?"

"हो."

"आणि ज्याला ओळखतच नाही?"

"त्याचाही."

"म्हणजे माझी ओळख फुकट!"

साहेब हसले. बाबा नाही.

*

मासे विकणाऱ्या ताराबाईंचा अंगठा उमटेना. "मावशी, हात पुसून या."

"कोळंबी सोलून रेषाच गेल्या, पोरी! पुसू काय?"

शेवटी करंगळी चालली. आता त्या बाजारात करंगळी नाचवतात, "धक्का नको! हिच्यात माझी बँक आहे!"

*

रोख मोजायच्या जागी गप्पांचा अड्डा नको, म्हणून मी पाटी लावली : 'कामाशिवाय बाकावर बसू नये.'

ती वाचून सगळ्यात आधी उठले ते बाबा. मग त्यांचे मित्र. दुसऱ्या दिवशी कोणीच आलं नाही.

*

सावंतकाका सोडून. त्यांच्याकडे काम होतं! जुने गिरणी कामगार, काकी गेल्यापासून खोलीत एकटे. घरखर्च मुलगा परगावाहून परस्पर भागवतो. रोज दहाला यायचे, एकेक करून दहाही बोटं लावायचे. दर वेळी लाल दिवा. इतक्या नकारांनी मशीन अडून बसायचं; ते पुन्हा चालू होईपर्यंत काका बाकावर बसायचे. बाबा चहा आणायचे, शेजारी टेकायचे. दोघे फारसं बोलायचेही नाहीत.

"काका, बँकेत जा ना! दोन गल्ल्यांवर तर आहे!"

"माका घाई नाय."

तीन आठवडे हेच. काल मी हट्टाला पेटले. काच पुसली, त्यांचं बोट स्वतः धरून दाबलं. हिरवा दिवा!

"काका, झालं! आता उद्यापासून हेलपाटे बंद!"

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा दोन कप घेऊन तसेच उभे.

"चेडवा," काका हळूच म्हणाले, "ह्या कॅन्सल करूक येता काय गो?"