खिशातली मासळी

आमच्या घरात कुणाचं ऐकायची सवय नसलेले जीव दोन. एक माझी आई आणि दुसरं आठ महिन्यांचं कुत्रं. त्यामुळे त्या दोघांचं लय जमतं. जिंतूरच्या आमच्या गल्लीतून ही जोडी संध्याकाळी मारुतीच्या पारापर्यंत फिरायला निघाली की वाटावं, नगराध्यक्ष बॉडीगार्ड घेऊन दौऱ्यावर चाललेत.

बॉडीगार्डात खोट एकच. समोरून दुसरं कुत्रं दिसलं की त्याच्या अंगात यायचं. एकदा त्यानं असा हिसका दिला की आई थेट बांधकामाच्या वाळूच्या ढिगात जाऊन बसली. लागलं काही नाही. तिनं बसल्या बसल्या आधी पदर सावरला, मग कुत्र्याला शिव्या घातल्या, मग मला. मी तर तेव्हा घरी चहा पीत होतो! पण दुसऱ्या दिवसापासून तिचं फिरणं बंद. ती ओट्यावर बसून राहायची आणि कुत्रं तिच्या चपलेवर हनुवटी टेकून पडायचं.

बायकोनं निकाल दिला, "अहो, दिवाळीपर्यंत सुधरलं तर ठीक. न्हाईतर आखाड्यावर नेऊन सोडा. तिथं भुंकू द्या म्हशींवर."

आखाडा म्हणजे शेतातला आमचा गोठा, गावापासून चांगला लांब. आई काहीच बोलली नाही. आई गप्प बसली की आमच्या घरात पंखासुद्धा जपून फिरतो.

मी पडलो शाळामास्तर, मग मीच शिकवणी सुरू केली. समोर कुत्रं दिसलं की दोरी आवळायची आणि गणपतीतल्या नाटकांत कमावलेल्या आवाजात "हाड! हाड!" म्हणून गरजायचं. आमच्या पठ्ठ्याला वाटे, मालकही लढाईत उतरले! तो दुप्पट भुंके. चहाच्या हॉटेलातून आवाज येई, "गुरुजी, दोघांपैकी बांधायचं कोन्ला?"

शेवटी मोबाईलवर एका शिकवणाऱ्याचा व्हिडिओ पाहिला. त्याचं म्हणणं, ओरडू नका. लांबच थांबा. कुत्र्यानं समोरच्याला पाहिलं आणि अजून भुंकलं नाही, तेवढ्यात त्याला भांडणापेक्षा गोड वाटेल असं काही भरवा. बिस्किटाकडे आमच्या पठ्ठ्यानं ढुंकून पाहिलं नाही. हॉटेलवाला म्हणाला, "येलदरी धरणाची मासळी तळून देतो, ती द्या, गुरुजी. तिच्यापायी मीबी भुंकायचं सोडीन."

पंचाईत अशी की आईच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात मासळीचं नाव काढायची सोय नाही. म्हणून हॉटेलातच काटे काढायचे, कागदात बांधायचं आणि पुडी शर्टाच्या खिशात.

पहिल्याच दिवशी कोपऱ्यावर एक काळं कुत्रं दिसलं. मी लांबच थांबलो, तुकडा पुढे केला. पठ्ठ्यानं गिळला, काळ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्या खिशाकडे पाहिलं. भुंकणं नाही! मी प्रेक्षकांना वाकून नमस्कार करणार होतो, पण एक गोष्ट विसरलो. नाक काळ्यालाही होतं. ते उठलं आणि मागं आलं. शिंप्याच्या पायरीवरून दुसरं उठलं. पाराजवळ पोचेपर्यंत मागं अख्खी फौज.

"गुरुजी, कोनाची वरात निघाली?"

आता महायुद्ध, म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण काहीच झालं नाही. आमचा पठ्ठ्या मान वर करून चालत होता. समोरून अंगावर येणारं कुत्रं त्याला दुश्मन वाटे. मागून त्याच वाटेनं चालणाऱ्याशी त्याचं काही भांडण नव्हतं. मग रोज तीच वरात. हळूहळू समोरून येणाऱ्याला पाहूनही तो भुंकण्याऐवजी माझ्या खिशाकडे बघू लागला.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी आई ओट्यावरून उठली, चपला घातल्या आणि हात पुढे केला. "दोरी दे."

"आई, मी धरतो की."

"तू धरलीस की ते येडं व्हतंय. आन तुझ्या खिशाला कसला वास यायलाय?"

"औषध हाय, त्याचं."

"माझं नाक अजून शाबूत हाय. तू मागं चाल. लांब!"

कोपऱ्यावर नेमकं एक अनोळखी कुत्रं समोरून धावत आलं. दोरी ताणली गेली. माझा हात खिशात, पण मी मागं, हद्दपार! पठ्ठ्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. आई न थांबता म्हणाली, "चल रे, उशीर व्हायलाय." आणि तो चालू लागला.

बायकोनं आखाड्याचं नाव पुन्हा काढलं नाही. आता रोज आई आणि बॉडीगार्ड पुढे, बऱ्याच अंतरावर मी, आणि माझ्यामागं गल्लीतली सगळी कुत्री. परवा पारावरच्या एका बाईंनी विचारलं, "मावशी, ही सगळी तुमचीच का?"

आईनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "हे एक माझं. मागचे कोनाचे हायत, मला ठाव न्हाई."