पोयट्याची बरणी

मालती श्रीधर पटवर्धन, तू गेल्यानंतर विद्यापीठातील तुझी खोली रिकामी करण्यासाठी आज मी गाझियाबादहून गेलो होतो.

मित्रहो, माझ्या पत्नीने, मालतीने, यमुनाकाठच्या मातीचे नमुने बरण्यांत जपले होते. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र मराठीत. विद्यापीठाची संशोधनक्षमता मोजणारी समिती नेमकी आजच यायची होती. विभागप्रमुख घाईने म्हणाले, “पटवर्धनजी, सब आज ही ले जाइए, वरना कबाड़ में जाएगा.”

तेवढ्यात समितीच्या अध्यक्षा आत आल्या. त्यांनी एक बरणी उचलली. “ये ‘पोयटा’ क्या है?”

विभागातील कोणालाही सांगता येईना.

“दोमट. नदी के गाद की मिट्टी,” मी म्हणालो.

“और आपके जाने के बाद कौन बताएगा? जो ज्ञान लोगों के साथ घर चला जाए, उसे हम विश्वविद्यालय की पूँजी नहीं गिनते.”

विभागप्रमुखांचा चेहरा उतरला.

मालती, त्या बरण्या मला घरी हव्या होत्या, कारण त्यांवर तुझे अक्षर होते. तरीही मी तिथेच बसून प्रत्येक चिठ्ठीखाली हिंदीत अर्थ लिहिला. “रहने दीजिए, अब ये यहीं रहेंगी,” विभागप्रमुख हळूच म्हणाले.

मित्रहो, आपण काय केले असते?

बरण्या तिथेच ठेवून मी दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या कार्यालयात परत केल्या.