मूळ येतंय, खड्डा खणा

बी.ए. झाले होते, तेही मराठी घेऊन, आणि एका शब्दासाठी मी बोरिवलीच्या चाळीमागे उलथन्याने वीतभर खड्डा खणला. कबूल करून टाकते, नाहीतर नातवंडं मला अजून हुशार समजायची.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती, माझ्या लग्नाला चार महिने. माझ्या माहेरी, मुलुंडला, एका शाळेत मराठीच्या बाईंची जागा निघाली, मला मुलाखतीला बोलावलं. वडिलांनी सासूबाईंना पत्र टाकलं. ते वाचून त्या एवढंच म्हणाल्या, "फाल्या तुझ्या म्हायेरसून मूळ येतला."

फाल्या म्हणजे उद्या, इतपत मालवणी यायला लागलं होतं. राहिलं मूळ. आईकडे मी मोगऱ्याचं रोप मागितलं होतं, तेच असणार! खड्डा खणला, वर तांब्याभर पाणी ओतलं.

सकाळी मुलुंडहून थोरले काका आले, हातात नुसती छत्री. मी म्हटलं, "काका, मूळ कुठाय?"

काका गोंधळून म्हणाले, "अगं, मीच की."

माहेरी न्यायला येणाऱ्या माणसाला मूळ म्हणतात, हे बी.ए.ला कोणी शिकवलं नव्हतं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "व्याही, उभे ऱ्हवा खड्ड्यात. पाणी घालतंय." चाळ हसली. ही काय शिकवणार, असं शेजारची काकू मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली. मलाही तेच वाटत होतं. नोकरी मात्र हवीच होती.

मुलाखतीत मोठ्या बाईंनी सातवीच्या वर्गात उभं केलं आणि कुठलाही एक शब्द शिकवा म्हणाल्या. तोंडातून मूळच निघालं. झाडाचं मूळ, मूळ गाव, मूळ प्रत, भांडणाचं मूळ. मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या एका मुलीने हात वर केला. मूळव्याधीला मागचे बाक खिदळले. मग मी छत्रीवाले काका आणि खड्डा सांगितला. मोठ्या बाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सोमवारपासून या, म्हणाल्या.

मी बोरिवलीला परतले ती मान वर करून, एका हातात पेढे, दुसऱ्यात मोगरा. खड्डा तसाच होता. रोप लावता लावता सासूबाईंना वर्गातली सगळी हकिकत सांगितली. त्यांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश संपवला आणि म्हणाल्या, "बरा झाला तुका म्हायत नव्हता ता. म्हायत असता तर पोरांका काय कपाळ शिकवतलंस?"