पाचवा पांडव

शकुनला पाच पांडवांपैकी चारच येत. धर्म, भीम, अर्जुन, नकुल इथवर सरळ चाले, मग ती मान खाली घालून उभी राही. मागच्या मुली खुदकन हसत. बाईंना वाटे, तिच्या मठ्ठपणाला हसतात.

मनकर्णाबाई मूर्तिजापूरजवळच्या एका गावात मुलींना दुसरी शिकवीत. अकाली वैधव्य आल्यावर भावानं त्यांना अमरावतीला ट्रेनिंगला घातलं होतं. तिथलं सगळं त्या मन लावून पाळत. ज्याला येत नाही त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घ्यावं, हे त्यातलंच. शकुनकडून त्यांनी रोज म्हणून घेतलं, कधी गोडीनं, कधी डोळे वटारून. उलट्या क्रमानं विचारलं, तर पोरगी सुरुवातीलाच गप्प.

तिचे वडील नत्थुजी मळ्यातली वांगी-मेथी बाजारात नेत. पास झाली तर शिकू देऊ, नापास झाली तर मळ्यात काम पुष्कळ आहे, असं त्यांनी बाईंना सांगून ठेवलं होतं. परीक्षेला येणारे डिप्टीसाहेब तर पांडव दर वर्षी विचारीत.

एकदा मधल्या सुटीत शकुन एका धाकट्या मुलीला घेऊन बसली होती. खेळायचे पाच गजगे ओळीनं मांडून, एकेकावर बोट ठेवत ती पांडव शिकवत होती. चार झाले. पाचव्यावर बोट ठेवताना तिनं डोक्यावर पदर ओढला आणि म्हणाली, "हे तू सांग."

बाई दारातच थांबल्या. वर्गातल्या निम्म्या मुलींची लग्नं झालेली. कोणाचा नवरा कोण, हे विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. शकुनची शेजारीण जमुना, तिला त्यांनी बाजूला घेतलं.

"सहदेव तं तिच्या मालकाचं नाव हाये, बाई. परतवाड्याचे हायेत ते. तिनं कसं घ्यावं?"

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुमी कुठं विचारलं?"

बाईंना हसू आलं आणि लाजही वाटली. सगळ्यांत पक्कं बसलेलं नाव त्या इतके दिवस पोरीकडून घोकून घेत होत्या.

एकदाच म्हण, असं त्या म्हणाल्या नाहीत. तोंडानं नको, पाटीवर लिहिशील का, एवढंच विचारलं. आजीले विचारून सांगतो, म्हणून शकुन गेली आणि दुसऱ्या दिवशी निकाल घेऊन आली.

"आजी म्हनते, लिहिलं तं चालते. आपल्या घरी वाचते कोन?"

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी पांडव विचारले. शकुननं चार म्हटले, पदर घेतला, पाचवा लिहिला आणि पाटी उचलून धरली. बोलून का सांगत नाही, असं साहेबांनी विचारल्यावर, तिचं लग्न झालंय, इतकंच बाई म्हणाल्या. साहेब मिशीत हसले. त्यांचंही नाव त्यांच्या घरात कोणी घेत नसणार.

"बरं, पुसा पाट्या. वजाबाकी मांडा."

साऱ्यांनी पाट्या पुसल्या. शकुननं मात्र आपली छातीशी धरली. नवऱ्याचं नाव पुसायचं? यावर आजी काही बोलली नव्हती. तिचे डोळे भरून आले.

मनकर्णाबाई उठल्या. स्वतःची पाटी तिच्यापुढे ठेवली, तिची अलगद काढून घेतली आणि अक्षरांना बोट न लावता भिंतीशी टेकवून ठेवली. शकुननं नाक ओढलं आणि वजाबाकी मांडली. हातचा चुकला नाही.

त्या संध्याकाळी नत्थुजींकडून बाईंच्या घरी मेथीची जुडी आली. पुढं कितीक वर्षं बाईंच्या टेबलावर एक जादा पाटी असे, आणि एखादी मुलगी अडली की त्या आधी तिच्या शेजारणीला बोलावीत.