कोंडाण्याच्या घळीतला डवरा

त्या चैत्रात आमची कंपनी कर्जतला उल्हास नदीच्या काठी तंबू ठोकून होती. घाटातून आगगाडी जाऊ लागून तेव्हा काही वर्षं झाली होती. पहाटे साडेचारला बिगुल, पाचला परेड, अकराला जेवण, मग दुपारभर बंदुका पुसणे. लढाई कुठेच नव्हती. होती ती माझ्या पोटात, आणि शत्रूचं नाव नाईक धोंडजी.

मीही नाईकच. मी चौकचा, तो खालापूरकडचा, दोघेही शेतकऱ्यांचे मुलगे, एकाच दिवशी भरती झालेले. कंपनीत हवालदाराची एक जागा रिकामी होती. मला लिहिता येत होतं, त्याला येत नव्हतं; एवढं सोडलं तर तो माझ्यापेक्षा सगळ्यातच सरस. नेम त्याचा चांगला. मिशी त्याची चांगली. नवे बूट मला चावत, त्याला चावत नसत. एकदा मी गुपचूप त्याचे बूट घालून पाहिले. तेही मला चावले.

पुण्याहून कॅप्टनसाहेबांचे पाहुणे येणार होते. त्यांना कोंडाण्याची लेणी, वरची घळ आणि कडा, सगळं एका दिवसात पाहायचं होतं. "मध्यम चाल. शर्यत नाही," साहेब म्हणाले. त्यांची मराठी परीक्षेत पास होण्यापुरती होती. आम्ही दोघांनी बेत सांगायचा. ज्याचा पसंत पडेल त्यानं आधी बारा शिपाई नेऊन तो चालून दाखवायचा. हवालदारीचं साहेब काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

मी कागद केला. साडेचारला कूच. सातला कोंडाणे गाव. साडेआठला लेणी, न्याहारी. दहाला घळीतला झरा, पाणी भरणे. साडेअकराला कडा. दिवेलागणीला छावणी. डोंगर तांबड्या शाईनं, पाणी निळ्या शाईनं. निळी शाई जरा जास्तच झाली होती.

धोंडजीनं जमिनीवर खडे मांडले. "साहेब, घळीत आता पानी नाय. वरच्या वाडीतल्या बाया वाळूत डवरा खणतात नि वाटी-वाटीनं पानी भरतात. त्यांना आदी इचारायला हवं. मी एक दिस आगूदर जाऊन येतो."

"झरा मी डोळ्यांनी पाहिलाय, साहेब," मी म्हणालो. खरंच पाहिला होता. दिवाळीत.

साहेबांनी कागद उचलला आणि स्वतःचं घड्याळ माझ्या हातात दिलं. धोंडजीला पिछाडीला ठेवलं. ती सूचना माझी.

लेण्यांपर्यंत सगळं मिनिटाबरहुकूम झालं. मी गरज नसताना चार वेळा घड्याळ बाहेर काढलं. दहाला घळीत शिरलो. झऱ्याच्या जागी पांढरे धोंडे होते, हात ठेववत नव्हता. शिपायांच्या बाटल्या रिकाम्या होत आलेल्या. तेवढ्यात वळणावर काटेरी फांद्यांचा ढीग दिसला. फांद्या सारल्या, तर खाली कमरेएवढा खड्डा आणि तळाला वीतभर पाणी, आरशासारखं.

हाच तो डवरा, हे मला कळलं. धोंडजी अजून वळणामागे होता. तो आला की पाणी त्याचं होणार, म्हणणंही त्याचंच खरं होणार.

"सेक्शन, हॉल्ट! पाणी भरा!"

शिपाई बुटांसकट आत उतरले. कडा वाळूच्या, त्या ढासळल्या. अर्ध्या मिनिटात खाली नुसता चिखलाचा राडा.

धोंडजी आला. खड्ड्यात पाहिलं. "कुणाला इचारलंस रं, बाळोजी?"

"कुणाला विचारायचं? डोंगराला?"

"हा भरायला रात जाते. मागं फीर."

मी घड्याळ पाहिलं. साडेअकराला कडा. "पुढे चल!"

अकरा चाळीसला, कड्याखालच्या उतारावर, गंगाराम नावाचा नवा शिपाई कोसळला. अंग तव्यासारखं, घाम नाही, तोंडात काहीतरी असंबद्ध. एकाही बाटलीत थेंब नव्हता. माझ्या कागदावर त्या वेळेसमोर नुसतं 'कडा' असं लिहिलेलं होतं.

"सावलीत घ्या. कोट काढा. वारा घाला," धोंडजीनं हुकूम सोडले. मग मला म्हणाला, "वाडीत जायचं. चल."

"मी कशाला?"

"बूट तुज्या हुकमानं उतरले."

वाडी म्हणजे पाच झोपड्या. एक बाई दारात उभी होती. घळीतला आवाज तिनं वरून ऐकला होता. "पानी दिसलं की उतरायचं? ढोरं तरी काठाला थांबतात!"

धोंडजीनं हात जोडले. "चूक झाली, बाय. मानूस मरतोय."

कुणाची चूक, ते तो बोलला नाही. बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. मग तिनं आतून मडकं आणलं. पहाटेपासून भरलेलं, घरातलं होतं तेवढं पाणी.

अर्ध्या तासानं गंगारामनं डोळे उघडले. उतरताना धोंडजीनं शिपायांकडून डवरा उपसून घेतला, कडेला धोंडे रचले, फांद्या होत्या तशा ठेवल्या. मी सर्वांचे कोट धरून उभा होतो.

छावणीत उशिरा पोचलो. साहेब बाहेरच उभे. "रिपोर्ट?"

मी घड्याळ परत केलं. धोंडजी पुढे झाला. "झरा आटला व्हता, साहेब. बाळोजी नाइकांनी वाडीतनं पानी मिळवलं."

नंतर तंबूमागे मी त्याला गाठलं. "असं का सांगितलंस?"

"तुला हवालदारी पायजे हाय," तो बुटाची नाडी सोडत म्हणाला. "मला गंगाराम पायजे व्हता. जा, झोप आता."

पंधरवड्यात माझ्या बाहीवर हवालदाराची तिसरी पट्टी चढली. वाटलं होतं, जळणं थांबेल. ते दुप्पट झालं. त्याच्याकडे आता हा मोठेपणाही होता.

काही वर्षांनी सरहद्दीवरच्या लढाईत, एका उघड्या टेकडीच्या उतारावर, सकाळी सातच्या सुमारास धोंडजी पडला. नाईक म्हणूनच पडला. मी त्याच्या चाळीस पावलं मागे होतो.

दसऱ्याला आम्ही पेन्शनर कर्जतला जमतो. शस्त्रांची पूजा होते, मग गेलेल्यांची नावं घेतात. सहा नावं. ती मी घेतो. तिसरं नाव मी 'हवालदार धोंडजी' असंच घेतो. कुणी दुरुस्त करत नाही. खरं काय ते मी सर्वांना सांगून बसलो आहे. त्या नावाला गंगाराम सर्वांच्या आधी उठतो. आता त्याचे गुडघे दुखतात, तरी उठतो, आणि पुढची तीन नावं संपेपर्यंत खाली बसत नाही.

माझं नाव घेतलं जाईल तेव्हा तो इतक्या झटकन उठेल का, हा विचार मला अजून छळतो.